फताडी अक्षरं

४ जून, मंगळवार

होकार आला! फॉण्ट कंपनीच्या बाईंचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून बोललो. अक्षरं त्यांना पसंत आहेत. तीन महिन्यांत पूर्ण संच द्यायचा. वर्तमानपत्रातली नोकरी गेल्याला आठ महिने झाले. आठ महिने मी स्वतःच्याच घरात लांबलेल्या पाहुण्यासारखा वावरत होतो. आज पंखासुद्धा अधिकाराने लावला.

म्हणून ही वही. नव्या कामाच्या नोंदी ठेवलेल्या बऱ्या.

अक्षरं मुळात हिची. ही बालवाडीत शिकवते. पोरांना ठसे उमटवता यावेत म्हणून तिने जुन्या रबरी चपलांच्या तळव्यांतून अक्षरं कापली आणि लाकडी ठोकळ्यांवर चिकटवली. जाडजूड, बुटकी, पोट सुटलेली अक्षरं. ढ तर जेवून पाय पसरल्यासारखा. चपला झिजलेल्या, त्यामुळे शाई सगळीकडे सारखी बसत नाही. टाचेच्या जागी अक्षर पुसट, मध्येच खडे रुतल्याची भोकं, कडेला भेगा. ती त्यांना 'फताडी' म्हणते. मी सहज दहा ठसे स्कॅन करून बाईंना पाठवले होते, त्याचं हे फळ.

ती शाळेतून आली तेव्हा दारातच सांगितलं. एका पायातली चप्पल काढलेली, दुसऱ्या पायातली तशीच.

"माझी अक्षरं?" ती म्हणाली.

"आपली," मी म्हटलं.

हसली. आतून आई म्हणाली, "अरे, तिला आधी घरात तर येऊ दे."

९ जून, रविवार

कामाचा आवाका आज कळला. तिच्याकडे अठ्ठेचाळीस ठसे आहेत. जोडाक्षरं, काना-मात्रा, आकडे धरून चारशेच्या वर लागणार. वर आणखी एक भानगड. असल्या झिजलेल्या अक्षरांत प्रत्येकाची दोन-तीन रूपं लागतात. 'मामा' लिहिलं आणि दोन्ही म वर एकाच जागी एकच ओरखडा दिसला, की सोंग उघडं पडतं.

मी म्हटलं, एकच म घेऊन संगणकावर इकडे-तिकडे खरवडू, कोणाला कळतंय.

ती म्हणाली, "एकाच माणसाची दोन पावलं तरी सारखी उमटतात का? मी तीन-तीन कापते."

कापू दे. हौस आहे तर.

२१ जून, शुक्रवार

घरात जिकडे-तिकडे चपला. गल्लीतल्या लोकांनी दिल्या, कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्या काकांनी पोतंभर दिल्या. आई म्हणते, "या घरात चप्पल काढायची सोय राहिली नाही. काढली की तिचा क होतो." स्वतःच्या मात्र दोन जोड हौसेने देऊन बसली आहे, आणि आपल्या टाचेतून कोणकोणती अक्षरं निघाली ते शेजारणींना सांगते.

ही प्रत्येक ठोकळ्याच्या मागे पेन्सिलीने लिहिते, चप्पल कोणाची ते. पोस्टमन. दूधवाली. काकांचा साडू. म्हणाली, फॉण्टबरोबर माहिती जाते ना, त्यात ही यादी घालू. मी म्हटलं, वाचणार कोण? पुन्हा बोलली नाही. समजूतदार आहे.

काल कपाटातून तिच्या वडिलांच्या जुन्या चपलाही निघाल्या. ते जाऊन सहा वर्षं झाली, चपला तशाच कागदात गुंडाळून ठेवलेल्या. त्याही कापल्या तिने. बरं झालं, कपाटात जागा झाली. त्यांच्याबद्दल काहीतरी सांगत होती, पण माझं डोकं त च्या जोडाक्षरांत अडकलेलं, मी 'हं, हं' करत राहिलो. आमचं हे एक बरं आहे. ती बोलते, मी काम करतो, कोणाचं कोणावाचून अडत नाही.

२ जुलै, मंगळवार

कटर निसटून हिचा अंगठा कापला. नेमका उजवा. तीन टाके. माझी बाईंबरोबर मीटिंग चालू होती, म्हणून आई तिला रिक्षाने दवाखान्यात घेऊन गेली. आठवडाभर तरी कापणं बंद. वेळापत्रक कोलमडणार.

४ जुलै, गुरुवार

डाव्या हाताने कापायला लागली आहे! अक्षरं थोडी जास्तच वेडीवाकडी येतात, पण गंमत म्हणजे बाईंना हीच जास्त आवडली. तिला सांगितलं, "उजव्यापेक्षा डावा हात भारी आहे तुझा." मला वाटलं हसेल.

१४ जुलै, रविवार

बाईंनी सूचना पाठवल्या आहेत. पहिली, नाव बदला; 'फताडी' कानाला बरं लागत नाही. मी लगेच 'ठसका' सुचवलं. बाई खूश. दुसरी, ळ चा उजवा गोल जवळजवळ दिसतच नाही. झिजलेलं चालेल, पण गायब कसं चालेल? लोकांना वाटेल, फॉण्ट बिघडला.

खरंच होतं. डावा गोल गलेलठ्ठ आणि उजव्या जागी नुसते चार ठिपके. तिन्ही रूपांत तीच तऱ्हा. मी डाव्या गोलाची नक्कल केली, आडवी फिरवली, उजवीकडे बसवली. दहा मिनिटांचं काम. ळ एकदम टुणटुणीत झाला.

ही मागे येऊन उभी राहिली होती, हातात चहाचा कप. बराच वेळ पडद्याकडे बघत होती.

"कसा वाटतो?" मी विचारलं.

"छान आहे," ती म्हणाली. "वाचता येतो."

चहा मला द्यायचा विसरली आणि कप घेऊन परत गेली. दमते हल्ली.

२७ जुलै, शनिवार

हिला दुसऱ्या गावी निवासी शाळेत नोकरी मिळाली आहे. अर्ज कधी केला कोण जाणे. "सांगितलं होतं मी," म्हणाली, सांगितलंही असेल. पाच तारखेला जायचं. मी म्हटलं, "जा की. शाळेचं सत्र म्हणजे चार महिन्यांचीच तर गोष्ट." खरं सांगायचं तर शेवटच्या टप्प्यात घरात शांतता असलेली बरीच.

जाण्याआधी सगळे आकडे कापून देणार आहे. मी म्हटलं, "विरामचिन्हंही झाली असती तर..." तर म्हणाली, "ती तू कर. पूर्ण तूच कर आता."

आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. कानाचं यंत्र पुन्हा बिघडलं असावं.

५ ऑगस्ट, सोमवार

गेली. दोन बॅगा आणि लग्नाआधीची तिची ती पत्र्याची पेटी. सगळी प्रमाणपत्रं पण नेली. लागतात म्हणे तिकडे.

बस सुटताना मी खिडकीशी उभा होतो. म्हटलं, "श्र चं तिसरं रूप राहिलंय."

"टेबलावर ठेवलंय," ती म्हणाली.

१८ ऑगस्ट, रविवार

विरामचिन्हं कापायला बसलो. आठ दिवस चपलांशी झटतो आहे. रबर वाटतं तितकं ऐकत नाही. माझं प्रश्नचिन्ह काठी गिळल्यासारखं उभं राहतं, उद्गारचिन्ह नाकावर माशी बसू न देणारं. तिची अक्षरं लोळतात, एकमेकांच्या अंगावर रेलतात. माझी चिन्हं त्यांच्यात तपासनीस आल्यासारखी दिसतात. शेवटी तिच्या अक्षरांचेच तुकडे जोडून चिन्हं तयार केली.

तिला फोन केला. बरी आहे. वर्गात एकतीस मुलं आहेत. मी विरामचिन्हांची अडचण सविस्तर सांगितली. ती म्हणाली, "होईल हळूहळू." मग म्हणाली, "आईंना दे."

आई तिच्याशी अर्धा तास बोलली. यंत्र ठीक असावं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

'ठसका' आज बाहेर पडला. कंपनीच्या पानावर मोठ्ठा, लाल-पिवळा, नाचरा. खाली माझं नाव. दुपारपर्यंत चाळीसएक जणांचे फोन. जुन्या ऑफिसातला ज्याने मला काढलं, त्यानेही अभिनंदन केलं. आभाराच्या यादीत पहिलं नाव हिचंच घातलं आहे, स्वतः आठवणीने.

तिचा संदेश आला: 'अभिनंदन. सुंदर झालंय.'

आईला मोबाइलवर सगळं दाखवलं. तिने चष्मा लावून, बोटाने पान वर-खाली सरकवत, शेवटपर्यंत वाचलं.

"हिचं नाव तळाशी का?"

"आभारात आहे ना. पहिलंच."

"अरे, आभार परक्यांचे मानतात." मोबाइल तिने पालथा ठेवला. "आणि तो ळ कुठे गेला? तिच्या वडिलांचा?"

मला कळेना. मग आईने सांगितलं. ते मीटर वाचायला घरोघर फिरायचे. उजवा पाय अधू, त्यामुळे फरफटत चालायचे, उजवी चप्पल एका बाजूने पार कागदासारखी व्हायची. हिला ते कधी नावाने हाक मारत नसत, 'बाळ' म्हणत. म्हणून त्या चपलांतून तिने फक्त ळ कापले.

"तुला सांगितलं होतं तिने," आई म्हणाली. "मी इथेच भाजी निवडत बसले होते. तू हं, हं म्हणत होतास."

१३ सप्टेंबर, शुक्रवार

ठोकळे काढले. मागे पेन्सिलीने: 'बाबा, उजवी.' शाई लावली, कागदावर दाबला. उजवीकडे काही उमटत नाही. अंगाचा भार टाकून दाबला. रबर तिथे इतकं खाली गेलं आहे की कागदाला लागतच नाही.

मी सतरा वेळा उमटवून पाहिला.

२८ सप्टेंबर, शनिवार

जिकडे-तिकडे ठसका. फुगेवाल्याच्या गाडीवर, दाताच्या दवाखान्यावर, बसच्या पाठीवर. चष्म्याच्या दुकानावर 'डोळे तपासा' लिहिलंय, तर त्यातला ळ माझ्याकडे दोन्ही गोलांनी बघतो. लोक म्हणतात, काय खेळकर अक्षरं आहेत हो, बघून हसू येतं.

बाईंना फोन केला. म्हटलं, रचना म्हणून तिचं नाव घाला, मूळ नाव द्या, आणि ळ बदला. बाई भल्या आहेत, शांतपणे ऐकून घेतलं. "नाव घालू, त्यांची सही लागेल. पण 'ठसका' आता बदलता यायचं नाही. आणि ळ? चांगला ळ काढून मोडका बसवायचा?"

"मोडका नाही हो. तो तसाच आहे."

"मला चालेल," बाई म्हणाल्या, "पण इतके दिवस तुम्हाला का चालला नाही?"

६ ऑक्टोबर, रविवार

तिला भेटून आलो. बसमध्ये बसूनच लिहितो आहे, अक्षर हलतंय.

कळवलं नव्हतं. शाळेच्या मागे शिक्षकांच्या खोल्या आहेत. ही दाराशी खुर्ची टाकून एका मुलीचे केस विंचरत होती. मला बघून दचकली नाही. "बस," म्हणाली, आणि आधी वेणी पूर्ण केली. मुलगी पळाल्यावर चहा ठेवला. एकच खोली, पलंग, टेबल, खिडकीत दोन कुंड्या. पत्र्याची पेटी पलंगाखाली होती. भिंतीवर अक्षरं नव्हती, मुलांची चित्रं होती.

मी कागद पुढे केला. सगळं पाठ करून गेलो होतो, तरी बोलताना गडबडलो. म्हटलं, चुकलो. रचना तुझी असं छापून येईल. ळ पूर्वीसारखा करतो आहे. मला माहीत नव्हतं, बाबांच्या...

"माहीत होतं," ती म्हणाली. "ऐकलं नव्हतंस."

"हो."

तिने कागद दोनदा वाचला. शाळेत वह्या तपासते तसा, ओळीखाली बोट धरून. मग पेन मागितला आणि सही केली.

"हे माझंच आहे म्हणून सही केली. तुझं मन राखायला नाही."

"ळ चं फार लागलं का गं तुला?"

"ळ चं काय एवढं. तू विचारलं असतंस तर कदाचित मीच म्हटलं असतं, कर नीट, लोकांना वाचता यायला हवा. बाबाही तेच म्हणाले असते." कपावरची साय तिने चमच्याने बाजूला केली. "मी मागे उभी होते. तू वळून विचारलंस, कसा वाटतो. झाल्यावर. मला त्या वेळी एकदम दिसलं की हे सतरा वर्षं असंच आहे. झाल्यावर विचारतोस."

मी म्हटलं, "सत्र संपेल डिसेंबरात. चार महिने म्हणाली होतीस."

"मी नाही म्हटलं रे. तू म्हटलंस."

बाहेर मुलं धावत होती. कोणीतरी पडलं, रडायला लागलं. ही उठून गेली, गुडघा धुतला, फुंकर घातली, परत आली. तोवर माझा चहा निवला होता.

"मी परत येणार नाही," ती बसता बसता म्हणाली. आवाज अगदी साधा. "भांडायचं नाहीये मला. तू वाईट नाहीस. पण तिथे मी बोलले की भिंतीला बोलल्यासारखं व्हायचं, आणि भिंत वर 'हं' म्हणायची. इथे मला एकतीस जण दिवसभर विचारतात, बाई, हे असं का, ते तसं का. जीव नको होतो. पण मी आहे, असं वाटतं."

मी म्हटलं, मी बदलेन.

"बदल की," ती म्हणाली. "बदलायलाच हवं. पण माझ्यासाठी म्हणून नको."

फाटकापर्यंत सोडायला आली. अंगठ्यावर टाक्यांची खूण आहे. आज पहिल्यांदा नीट पाहिली. विचारलं, "दुखतो का अजून?"

"थंडीत ठणकतो," म्हणाली. मग हसली, जरा माझी कीव केल्यासारखी. "बघ, विचारलंस की."

१९ ऑक्टोबर, शनिवार

काही लिहिण्यासारखं नाही. नवी आवृत्ती पाठवली. आईने विचारलं, "जेवलास?" मी हो म्हटलं. तिला माहीत होतं जेवलो नाही ते.

१० नोव्हेंबर, रविवार

नवी आवृत्ती गेल्या आठवड्यात निघाली. तिचं नाव वर, चपला देणाऱ्यांची यादी आत. दुरुस्तीवाल्या काकांनी आपलं नाव छापून घेऊन दुकानात लावलं आहे. कंपनीकडे सोळा तक्रारी आल्या आहेत, ळ खराब आहे म्हणून. बाईंनी सगळ्यांना एकच उत्तर पाठवलं: तो तसाच आहे.

आज ती उरलेलं सामान न्यायला आली होती. मी दोन दिवस घर आवरत होतो. तिचं जे वाटलं, ते सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून ठेवलं होतं. तिने त्यातलं निम्मं बाहेर काढलं. "हे तुझं आहे. हेही. अरे, हा डबा तुझ्या आत्याने तुला दिलेला." सतरा वर्षांत मला घरातलं कोणतं काय माझं हेच ठाऊक नव्हतं.

ठोकळे मी सगळे पुसून, ओळीने लावून दिले. तिने ळ चे तीन उचलले, बाकीचे राहू दे म्हणाली. कागदपत्रांचंही बोललो. वकील तिची मैत्रीणच आहे. दोघांच्या संमतीने करायचं. मी बरं म्हटलं. काय म्हणणार दुसरं?

आई सकाळपासून आपल्या खोलीत. मला वाटलं, सुनेला निरोप देणं जड जातंय. रिक्षा आली तशी बाहेर आली. इस्त्रीची साडी, हातात बॅग, पायात नव्या चपला.

"मी पण जाते," म्हणाली. "चार दिवस."

मी हिच्याकडे पाहिलं. तिलाही ठाऊक नव्हतं, चेहरा सांगत होता.

"अहो आई, एकच खोली आहे."

"मला काय, कोपरा पुरे. एकतीस पोरं आहेत म्हणतेस ना? एकीच्या हातून किती वेण्या होणार?" मग माझ्याकडे वळून, माझा शर्ट खांद्यावर उगाच सारखा करत म्हणाली, "रागावून नाही रे जात. तू माझा मुलगाच आहेस. पण तुझ्याजवळ असले की मी तुझीच बाजू घेत बसेन, आणि तुला कधी कळायचं नाही."

रिक्षात दोघी शेजारी बसल्या. हिने आईचा पदर आत ओढून घेतला, चाकात जाऊ नये म्हणून.

१ डिसेंबर, रविवार

आईचे चार दिवस अजून संपलेले नाहीत. शाळेनेच तिला शेजारची छोटी खोली दिली. ती मुलांना बटणं लावायला शिकवते आहे.

आज फोन केला. मागे कोणीतरी खो-खो हसत होतं. ही. इतक्या मोठ्याने हसते ती? नसावी आमच्याकडे हसली. किंवा हसलीही असेल.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"काही नाही रे, इथली गंमत आहे. तुला नाही कळायची."

"सांग ना," मी म्हटलं.

आई थांबली. मला वाटलं, विषय बदलेल. मग तिने सांगायला घेतलं. एका मुलीने म्हणे काल शाळेच्या पहारेकऱ्याला पत्र लिहिलं, की तुमचं कुत्रं माझ्याशी बोलत नाही तर त्याला समज द्या. पहारेकऱ्याने कुत्र्याचा अंगठा उमटवून माफीपत्र पाठवलं. त्यावर मुलीने कळवलं, की शाई उलटी लागली आहे, पुन्हा करा. मधेच आईला हसू आवरेना, तर मागून हिने पुढचं सांगितलं, आईला, मला नाही. मग परत आई. वीसेक मिनिटं चाललं. मी खिडकीशी उभा राहून सगळं ऐकलं. एकदाही हं म्हटलं नाही.

शेवटी आईने विचारलं, "आहेस ना रे? का फोन ठेवलास?"

"आहे," मी म्हटलं. "मग कुत्र्याने पुन्हा केली का सही?"

पलीकडे दोघी एकदम गप्प झाल्या. मग आई म्हणाली, "केली," आणि जरा वेळाने, "चल, ठेवते. हिचा वर्ग आहे."

आज रविवार. वर्ग नसतो. मी "बरं" म्हटलं.